कशात कालवून?

नाचणी सत्त्व, तांदळाची पेज, मुगाचे खिमट किंवा डब्यातले सिरीयल. सहा महिन्यांनंतर बाळाला काय सुरू करायचे, हे आपण पालकांना नीट समजावून सांगतो. ते कशात कालवायचे, हे मात्र घरच्यांवर सोडून देतो. मग आजी त्यात गाईचे दूध घालते. दुधाने बाळ अंगाने भरते हा तिचा अनुभव खोटा नाही, पण लोहाच्या हिशेबात हे दूध महाग पडते.

धान्यातल्या फायटेटकडे आपण नेहमी बोट दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. झुरिचच्या रिचर्ड हरेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्यात कालवलेल्या लापशीतले फायटेट विकराने मोडले, तेव्हा गव्हातल्या लोहाचे शोषण जेमतेम १ टक्क्यावरून ११ टक्क्यांच्या पुढे गेले. तांदळातही ते पावणेदोन टक्क्यांवरून पाचच्या वर चढले. पण दुधात कालवलेल्या लापशीत हा फायदा बहुतेक धान्यांत दिसलाच नाही. म्हणजे घरी नाचणी भिजवून, मोड आणून, वस्त्रगाळ करून फायटेट कमी करण्याचा जो खटाटोप होतो, त्याचे लोहापुरते फळ शेवटच्या पायरीवर दुधात वाहून जाण्याची शक्यता आहे.

असे का होते? गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. ते पचताना त्याचे फॉस्फेटयुक्त तुकडे होतात आणि हे तुकडे लोहाला घट्ट धरून ठेवतात. व्हे प्रथिनेही निर्दोष नाहीत. अंड्यातल्या पांढऱ्याच्या जागी केसीन किंवा व्हे दिल्यावर लोहाचे शोषण घटते, हे १९८९ मध्येच माणसांवर दाखवले गेले आहे. त्यात कॅल्शियमची भर पडते. गाईच्या १०० मिली दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, आईच्या दुधात त्याच्या जवळपास पाव. आईच्या दुधात प्रथिनेही कमी आणि केसीनचा वाटाही कमी, त्यामुळे सत्त्व त्यात कालवायला हरकत नाही.

हे आकडे प्रौढांवरच्या, एकेका जेवणाच्या चाचण्यांतून आले आहेत, याचा विसर पडू नये. शरीर काही प्रमाणात जुळवून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिन्यांच्या आहारात फरक इतका ठळक दिसेलच असे नाही. जस्ताचे गणित तर वेगळेच आहे. फायटेटमुळे जस्ताच्या शोषणाला येणारा अडथळा प्राणिज प्रथिने थोडा सैल करतात, शिवाय दूध स्वतःचे जस्त घेऊन येते. तेव्हा ‘दूध बंद करा’ असे सांगणारा आहारतज्ज्ञ दुसऱ्या टोकाला गेला म्हणायचा!

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. दूध हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण हाती असलेला सोपा उपाय सोडण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. दिवसातले लोहाचे मुख्य खाणे पाण्यात शिजवावे आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत किंवा सोबत पेरूचा मऊ गर द्यावा. अंडे, मासे, मटण चालणाऱ्या घरांत ते लवकर सुरू करावे. वरचे दूध द्यायचेच असेल तर वेगळ्या वेळी द्यावे. लोहाचे औषधही दुधासोबत देऊ नये. दूधयुक्त सिरीयलमध्ये दुधाची पावडर आधीच असते, ते पाण्यात कालवायचे असते. त्यात पुन्हा दूध ओतणे टाळावे.

आहाराचा इतिहास घेताना ‘बाळ काय खाते?’ या प्रश्नाला ‘कशात कालवून?’ हा प्रश्न जोडा, आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवा.