खटपट : तंबूचं वरचं कापड हरवलं तर



दिवाळी झाली, भातं कापून झाली, की आपल्या बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे ओळखीच्या कुणाच्या तरी माळावर रात्रीचा मुक्काम करायचे दिवस येतात. त्यामुळे आपल्या मंडळातल्या एका काकूंचा प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेला तंबू माळ्यावर पडून आहे. दांड्या शाबूत, चेन चालते, तळ फाटलेला नाही. फक्त वरून घालायचं कापड, म्हणजे रेनफ्लाय, नाही. कुणीतरी तंबू मागून नेला होता, तो त्या कापडाशिवाय परत आला. आता नातवंडांना तंबूत झोपायचंय आणि घरचे म्हणतात, जुना टाका, नवा आणू. काकू विचारतात, खरंच टाकायचा का?

मुळीच नको. पण ‘वरून एखादं प्लास्टिक टाका’ असंही मी म्हणणार नाही. तसं केलं तर मुलं पाऊस नसतानाही भिजतील.

कारण समजून घेऊ. आजच्या बहुतेक तंबूंना दोन छपरं असतात. आतल्या तंबूचा वरचा भाग जाळीचा किंवा विरळ कापडाचा असतो. त्याचं काम डास-किडे अडवायचं, पाणी अडवायचं नव्हे. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून एक-दोन पेले पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. ही वाफ जाळीतून वर जाते, थंड रेनफ्लायला लागून तिचे थेंब होतात आणि ते कापडाच्या आतल्या बाजूने ओघळत तंबूबाहेर पडतात. मधे मोकळी जागा असते म्हणून हे जमतं. प्लास्टिक आतल्या कापडाला चिकटून बसलं, तर तेच थेंब अंथरुणावर येतात. इंग्रजी अमदानीत दौऱ्यावर जाणाऱ्या साहेबांचे तंबूही दुहेरी छताचे असत. तिथे मधल्या हवेचं काम ऊन अडवायचं होतं. थोडक्यात, कापड कुठलं यापेक्षा दोन कापडांमधलं अंतर महत्त्वाचं.

‘हिवाळ्यात पाऊस कुठे असतो, नुसता आतला तंबू लावू’ असंही काही जण म्हणतात. पण निरभ्र रात्री उघड्यावरचं कापड भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं आणि त्यावर दव धरतं. पहाटे जाळीखालची पांघरुणं ओलसर लागतात. शिवाय अवकाळी पाऊस सांगून येत नाही. तेव्हा वर काहीतरी हवंच. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली : तयार रेनफ्लाय. तंबूच्या आत शिवलेल्या पट्टीवर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. ते कळवून सुटा फ्लाय मिळतो का विचारा. जुनी मॉडेलं बंद झालेली असतात, म्हणून फार आशा ठेवू नका. दुसऱ्या तंबूचा फ्लाय घ्यायचा झाला तर तळाची लांबी-रुंदी, उंची आणि दांड्यांची रचना हे सगळं जुळायला हवं. नुसतं ‘तिघांचा तंबू’ एवढ्यावर घेऊ नका.

दुसरी : ताडपत्री. माझं मत हिलाच. तंबूचा तळ साधारण २१० × १५० सेंटीमीटर आणि उंची १२० धरू. त्याला ३ × ४ मीटरची ताडपत्री पुरते. दोन झाडांमधे जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर दोरी ताणा. ताडपत्री तिच्यावर अशी टाका की ३ मीटरची बाजू दोरीच्या दिशेने येईल आणि दोन्हीकडे दोन-दोन मीटर उतरेल. खालच्या कडा जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवून खुंट्यांना ताणल्या, की छप्पर दोन्ही बाजूंना सुमारे १६० सेंटीमीटर पसरतं. खाली तंबू लांबीने दोरीच्या दिशेत लावा. त्याचा माथा ताडपत्रीपासून ३० सेंटीमीटर खाली राहतो, बाजूंना भरपूर पडवी मिळते आणि चपला, पिशव्या तिथे कोरड्या राहतात. वारा ज्या बाजूने येतो तिकडची कड आणखी खाली घ्या, पण सगळ्या बाजू जमिनीला टेकवू नका. हवा खेळलीच पाहिजे.

माळावर झाडं नसतील तर दोन वेळूच्या काठ्या उभ्या करून प्रत्येकीला बाहेरच्या बाजूने दोन-दोन ताण द्या. ताडपत्रीचं भोक फाटलं असेल तर त्या कोपऱ्यात एक गुळगुळीत खडा ठेवा, कापड त्याच्याभोवती गुंडाळा आणि मानेशी दोरी आवळा. ही गाठ भोकापेक्षा पक्की बसते. पाऊस आला तर दोरीवरून पाणी ओघळत आत येतं. म्हणून ताडपत्रीच्या कडेबाहेर दोरीला सुतळीचा लोंबता तुकडा बांधा. पाणी त्यावरून खाली गळून जातं.

रविवार पेठेत ताडपत्री घेताना ‘जीएसएम’ विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. १२० जीएसएमची १२ चौरस मीटर ताडपत्री दीड किलोच्या आत बसते, २५० जीएसएमची तीन किलो. गाडी माळापर्यंत जात असेल तर जाड घ्या, गडावर पाठीवरून न्यायची असेल तर पातळ.

तिसरी : शिंप्याकडून शिवून घेणं. नेटका फ्लाय हवा असेल तर रेनकोट किंवा बॅगा शिवणाऱ्याकडे जा. कापड आतून थर दिलेलं पॉलिस्टर घ्या. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. कापडाला झोळ देऊन त्यात तांब्याभर पाणी तासभर ठेवा. खाली ओल दिसली तर ते कापड नको. मापं सांगण्यापेक्षा नमुना न्या. तंबू अंगणात उभा करून त्यावर जुन्या चादरी पसरा, दांड्यांच्या रेषेवर खडूने खुणा करा आणि चार तिकोनी तुकडे कापा. खालची कड तंबूपासून सगळीकडे वीतभर बाहेर राहील एवढं कापड जास्त धरा. शिलाई जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दुहेरी घ्यायला सांगा, दोरा पॉलिस्टरचा. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपू शकतं, म्हणून शिलाईवर आतून सीलर लावावा लागतो. पीयू थराच्या कापडाला पीयूचाच सीलर घ्या. सिलिकॉन त्यावर नीट धरत नाही.

वाट कुठलीही घ्या, खर्च करण्याआधी तंबूचा तळ तपासा. जुन्या तंबूत आतला थर चिकट होतो, पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो. तसं असेल तर त्याची पाणी अडवायची ताकद गेली. तंबू तरीही टाकू नका. खाली प्लास्टिक अंथरा, मात्र त्याच्या कडा तंबूच्या आत दुमडून ठेवा. बाहेर आल्या तर छपराचं पाणी गोळा होऊन थेट अंथरुणाखाली जाईल.

मग एका संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर सगळं उभं करा आणि बागेच्या नळीने दहा-पंधरा मिनिटं वरून पाणी मारा. मुलांना आत बसवा. गळती शोधायला त्यांच्यासारखे तपासनीस नाहीत.

शेवटी दोन गोष्टी, या मात्र गंमतीत घेऊ नका. थंडी वाजते म्हणून तंबू चहूकडून बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी किंवा स्टोव्ह कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. हवेसाठी ठेवलेल्या फटी पांघरूण वाढवूनच सोसायच्या. आणि ही सगळी व्यवस्था हिवाळ्यातल्या दवासाठी आणि एखाद्या अवकाळी सरीसाठी आहे. जून ते सप्टेंबर आंबोली-चोर्लाच्या पावसात ताडपत्रीखाली मुलांना घेऊन राहायचं नाही. तिथे ओढे तासाभरात चढतात आणि दरडी रात्रीच कोसळायच्या थांबत नाहीत.

काकू, तंबू माळ्यावरून खाली काढा आणि या रविवारी उन्हात घाला. ताडपत्री तर घरात असेलच, पावसाळ्यात पडवीला बांधली होती ती. पुढच्या अंकात अडकलेल्या चेनबद्दल बोलू. तोवर ज्यांच्याकडे असे अर्धे राहिलेले तंबू असतील त्यांनी मापं कळवावीत, छप्पर आपण मिळून बसवू.