बॉनेट उघडण्याचा हक्क

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सीने कायमची रजा घेतली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची गाडी वीस वर्षांची मुदत पुरी करून बाद ठरली, आणि ज्या शहराने ह्या टॅक्सीच्या खिळखिळ्या दारांना व धडधडणाऱ्या इंजिनाला अनेक दशके नावे ठेवली त्याच शहराचे डोळे त्या दिवशी पाणावले. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली ही गाडी सुखावह नव्हती आणि वेगवानही नव्हती. परंतु ती कोणालाही समजत असे. रस्त्यात बंद पडली तर टॅक्सीवाला खाली उतरे, बॉनेट उघडी, प्लग काढून पुसून पुन्हा बसवी आणि दहा मिनिटांत गिऱ्हाईकाला घेऊन पुढे निघे.

पेट्रोलची मोटार सोडून विजेची घ्यावी की नाही, ह्या विवंचनेत सापडलेल्या मोटारशौकिनांच्या मनात आज जी घालमेल चालली आहे तिचे मूळ ह्या दहा मिनिटांत आहे. शौकीन मंडळी मात्र तसे म्हणत नाहीत. ती आवाजाविषयी बोलतात, गिअरविषयी बोलतात, एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल ह्याचा हिशेब मांडतात. त्यांच्या ह्या तक्रारींत तथ्य किती आणि रडगाणे किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. कारण त्यांतली एक तक्रार केवळ शौकिनांची नाही. ती जुनी गाडी हप्त्याने घेणाऱ्या शिक्षकाची आणि कारकुनाचीही आहे.

विजेची मोटार ही काल-परवा उपटलेली पाहुणी आहे, असा अनेकांचा समज दिसतो. वस्तुतः ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा सर्वप्रथम ओलांडला तो विजेच्या मोटारीने. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनात्झी ह्या बेल्जियन शौकिनाने पाणतीरासारख्या आकाराच्या गाडीत बसून हा पराक्रम केला. त्या काळी पेट्रोलचे इंजिन हँडल फिरवून सुरू करावे लागे आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. विजेच्या गाडीला ह्यांतले काहीच नव्हते. पेट्रोलच्या गाड्या घरोघर पोचविण्याची ज्याला घाई होती त्या हेन्री फोर्डची पत्नी स्वतः विजेची गाडी चालवीत असे! पुढे चार्ल्स केटरिंगने तयार केलेला स्वयंचलित स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला आणि पेट्रोलचा मार्ग मोकळा झाला. तो स्टार्टर म्हणजे एक लहानशी विजेची मोटरच होती. पेट्रोलला सिंहासनावर बसविण्यासाठी वीजच कामी यावी, ह्यातला विनोद शंभर वर्षांनी पुरता उघड झाला आहे.

आपल्याकडेही हा प्रयोग अगदी नवा नाही. बंगळूरच्या ‘रेवा’ने २००१ मध्ये विजेची छोटी मोटार बाजारात आणली. लंडनमध्ये ती गर्दीकरातून सुटका देणारी गाडी म्हणून खपली. भारतात मात्र तिच्याकडे खेळणे म्हणून पाहिले गेले. दोष सर्वस्वी गिऱ्हाईकाचा नव्हता. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी ती गाडी एका दमात जेमतेम ऐंशी किलोमीटर जाई. लिथियमच्या बॅटरीने हे गणित बदलले. ह्या बॅटरीची पायाभरणी करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुणे मार्गावर विजेच्या मोटारी ही नवलाची गोष्ट उरली नाही.

तेव्हा शौकिनांची पहिली तक्रार, म्हणजे गाडीत दम नाही ही, आता टिकत नाही. पेट्रोलचे इंजिन काही हजार फेऱ्यांना पोचल्याखेरीज पूर्ण जोर लावीत नाही. विजेची मोटर पहिल्या फेरीपासून लावते. म्हणून सिग्नल सुटताच साधी कौटुंबिक विजेची गाडी एके काळच्या नामांकित गाड्यांना मागे टाकते. घाटातला अनुभव तर विचार करायला लावणारा आहे. बोरघाट उतरताना गिअर खालचा ठेवून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणे, हे जुन्या चालकाचे कसब. त्या उतारावरची सारी शक्ती इंजिनात आणि ब्रेकच्या अस्तरात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची गाडी तिचा मोठा भाग परत बॅटरीत भरते. (अर्थात लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून घेऊन लगेच घाट उतरायला लागणाऱ्याला हा लाभ नाही, भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. असले बारकावे शिकण्यातही एक कसब आहे, आणि हाडाचा शौकीन ते आनंदाने शिकेल.)

दुसरी तक्रार आवाजाची. ही मात्र निखळ भावनेची बाब आहे, आणि भावनेला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. परंतु कारखानदारांनी ह्या भावनेवर जो उतारा काढला आहे तो पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. ह्युंदाईने २०२३ मध्ये आणलेल्या एका विजेच्या गाडीत नसलेल्या गिअरचे खोटे झटके आणि नसलेल्या इंजिनाची खोटी गर्जना पुरविण्यात आली. महिंद्रने आपल्या विजेच्या गाड्यांचे ध्वनी ए. आर. रहमान ह्यांच्याकडून रचून घेतले. पादचाऱ्याला चाहूल लागावी म्हणून संथ गतीला आवाज करणे योग्यच आहे आणि युरोपात ते कायद्याने बंधनकारकही आहे. पण चालकाला जुने दिवस आठवावेत म्हणून गाडीने खोकल्याचे सोंग आणणे, ह्याला तंत्रज्ञान म्हणायचे की नाटक? ज्याला आवाजच हवा आहे त्याने जुनी गाडी जपावी. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे, आणि असली गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडल्याने हवेचे काही बिघडत नाही.

वजनाविषयीची कुरकुर अधिक रास्त आहे. गाडी हलकी ठेवा, हा लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन ह्यांचा ध्यास होता. त्यांच्या पश्चात १९९६ मध्ये निघालेली ‘एलिस’ सुमारे सव्वासातशे किलोची होती. त्याच कंपनीची विजेची ‘एलेत्रे’ अडीच टनांच्या घरात जाते. एका माणसाला दूध आणायला नेण्यासाठी अडीच टन पोलाद व लिथियम हलविणे ही प्रगती आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने टायरची झीज आणि रस्त्यांची अवस्थाही पाहावी.

ह्या वादात शौकीन मंडळी सर्वांत जोराने जो मुद्दा मांडतात तो कोळशाचा. मुंबईची मोटार धूर सोडणार नाही हे खरे, पण तिची वीज येते कोठून? देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशापासून निर्माण होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि तिथली राख, तिथली हवा व तिथला उन्हाळा चंद्रपूरकरांनी सोसायचा आहे. महानगरातील सुखवस्तूंनी आपला धूर विदर्भाच्या अंगणात नेऊन टाकायचा आणि वर पर्यावरणप्रेमाची फीत छातीवर मिरवायची, ह्यातला दांभिकपणा नाकारता येणार नाही. तथापि पेट्रोलची तरफदारी करण्यासाठी हा मुद्दा पुरेसा नाही. पेट्रोलमधील शक्तीचा फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१ मध्ये गाडीच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला. त्यात भारतातील विजेच्या मध्यम मोटारीचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरले. युरोपात हीच बचत दोन तृतीयांशांच्या आसपास होती. फरक गाडीचा नाही, विजेचा आहे. शिवाय पेट्रोलची गाडी वयपरत्वे अधिकाधिक धूर ओकत जाते. विजेची गाडी मात्र वीज जसजशी सौर व पवन स्रोतांकडून येऊ लागेल तसतशी आपोआप सुधारते. चंद्रपूरचा कैवार ज्यांना खरोखर आहे त्यांनी कोळशाविरुद्ध बोलावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. मोटारीवरचे प्रेम हे पुष्कळदा तिच्या आत हात घालता येण्याचे प्रेम असते. कार्ब्युरेटर खोलून साफ करणे, प्लगच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखणे, टॅपेटच्या खडखडीवरून दुखणे सांगणे, ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकविली गेली नाही. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरात सुट्या भागांचे जे बाजार उभे राहिले ते ह्याच विद्येच्या आधारावर. गॅरेजात वयाच्या चौदाव्या वर्षी पाने पुसायला लागलेला पोरगा विशीत उस्ताद होई आणि पुढे स्वतःचे गॅरेज टाकी. आज विजेच्या मोटारीचे बॉनेट उघडून तो पाहतो तेव्हा त्याला एक बंद पेटी आणि नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतात. त्या तारांतून शेकडो व्होल्टचा प्रवाह वाहतो; तिथे हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पेटीच्या आत काय चालले आहे हे सांगणारा संगणक फक्त कंपनीच्या माणसाशी बोलतो.

परंतु हे कुलूप विजेने घातले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ते पेट्रोलच्या गाड्यांनाच घातले गेले होते. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणारी यंत्रणा आली, आणि २०२० मध्ये सहाव्या टप्प्याचे निकष लागू झाल्यावर तर नव्या पेट्रोल गाडीतही पान्यापेक्षा लॅपटॉपचे महत्त्व वाढले. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधण्याची उपकरणे ह्या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा तो ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. त्या वेळी रस्त्यावर विजेच्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज ‘माझी पेट्रोलची गाडी मला समजते’ असे म्हणणारा शौकीन बहुधा पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीविषयी बोलत असतो.

विजेने हे कुलूप अधिक मजबूत केले, एवढे मात्र खरे. आणि त्याची झळ शौकिनापेक्षा सामान्य माणसाला अधिक बसेल. आपल्या देशात कित्येक कुटुंबांच्या दारात आलेली पहिली मोटार कोणीतरी वापरून सोडलेली असते. ती घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा, त्याने इंजिन ऐकून मान हलवायची आणि मग सौदा करायचा, ही रीत आहे. विजेच्या जुन्या गाडीत मेकॅनिकने काय ऐकायचे? गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा बॅटरीत असतो, आणि तिच्यात किती प्राण उरला आहे हे बाहेरून कळत नाही. बॅटरीच्या आजीवन हमीच्या जाहिराती आता दिसू लागल्या आहेत. त्यांतली बारीक अक्षरे वाचली तर हे आयुष्य बहुधा पहिल्या मालकापुरतेच असते. दुसऱ्या मालकाने, म्हणजे बहुधा शिक्षकाने किंवा कारकुनाने, आपले नशीब आजमावायचे. परदेशांत तर काही कंपन्यांनी गाडीत आधीच बसविलेली सोय मासिक वर्गणी भरल्यावर चालू करून देण्याचाही उद्योग करून पाहिला. घर विकत घ्यावे आणि एका खोलीची किल्ली घरमालकाने स्वतःकडे ठेवावी, तसाच हा प्रकार झाला.

ह्या प्रश्नाची जाणीव सरकारला नाही असे नाही. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले. पण कंपनीने स्वखुशीने माहिती द्यावी ह्यापलीकडे त्याला धार नाही. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळालीच पाहिजे, असा कौल २०१२ मध्ये दिला आणि २०२० मध्ये गाडीतून बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीलाही तो लागू केला. कंपन्या न्यायालयात गेल्या, सुरक्षिततेचा बागुलबुवा दाखविला गेला. पण लढाई कशासाठी आहे हे तरी तिथल्या सामान्य मोटारमालकाला कळले. आपले शौकीन मात्र अजून आवाजाच्या आठवणीत रमले आहेत. त्यांच्याजवळ यंत्राचे ज्ञान आहे, संघटना आहेत, सत्ताधाऱ्यांच्या दारी वजन आहे. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीसाठी परवानग्या मिळविण्यात जे वजन खर्ची पडते त्यातले थोडे इकडे लावले तर शेजारच्या गॅरेजवाल्याचे दुकान वाचेल.

उच्च दाबाच्या विजेवर काम करणे धोक्याचे आहे, ह्या कंपन्यांच्या म्हणण्यात अर्थ आहे. त्यावरचा उपाय प्रशिक्षण हा आहे. मक्तेदारी हा नव्हे. एस.टी.चा किंवा वीज मंडळाचा तंत्रज्ञ जन्मतः तयार झाला नव्हता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्या मुलाला बॅटरीची पेटी सुरक्षितपणे उघडता आली पाहिजे, आणि गॅरेजात पन्नाशी गाठलेल्या उस्तादालाही तीन महिन्यांचा परवाना-वर्ग खुला पाहिजे.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना खरेदीत अनुदान दिले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर टोलमाफी दिली. हा पैसा सर्वांच्या खिशातून जातो. विजेची गाडी कधीच न घेणाऱ्याच्या खिशातूनही जातो. अशा वेळी सवलतीस पात्र ठरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॅटरीची प्रकृती मालकाला पडद्यावर सरळ आकड्यात दिसली पाहिजे, दुरुस्तीची पुस्तिका व दोष शोधण्याचे साधन परवानाधारक स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात मिळाले पाहिजे आणि हमी मालकाशी नव्हे तर गाडीशी बांधलेली असली पाहिजे, अशी अट अनुदानाच्या आदेशातच घालता येते. त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही खर्च होत नाही.