शाल-श्रीफळावर घर चालत नाही



आपल्या या पानावर देवासच्या आठवणी निघाल्या की तिसऱ्या-चौथ्या ओळीत कुमारजी येतातच. कुणाचे आजोबा ‘भानुकुल’मध्ये जाऊन बसलेले, कुणाच्या काकूंना तिथे चहा मिळालेला, कुणी माताजीच्या टेकडीवरून उतरताना तंबोरे ऐकलेले. धारकरही मागे नाहीत, त्यांच्याकडे पवारांच्या वेळच्या मैफलींच्या ऐकीव गोष्टी आहेत. छान वाटतं वाचायला. मीही वाचते, लाइक करते.

पण याच घरांतलं एखादं पोर म्हणालं, की मला गाण्याच्या कार्यक्रमांच्या धंद्यात जायचंय आणि त्याचं रीतसर शिक्षण घ्यायचंय, की काय होतं? आधी सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणतं, “ते ठीक आहे बेटा, पण करणार काय?” आज मला या प्रश्नाशीच भांडायचं आहे. भांडण लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. एका मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब मी 22 वर्षं लिहिला. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांची वही सारखीच असते. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, इंदूरला बी.कॉम. झाली. कॉलेजात असतानाच ती कार्यक्रमांच्या मागच्या बाजूला काम करू लागली. केबल टाक, कलाकाराला स्टेशनवरून आण, साऊंडवाल्याच्या शेजारी बसून शीक. आता तिला मुंबईला एक वर्षाचा कोर्स करायचाय, लाईव्ह साऊंड आणि शोचं व्यवस्थापन. दादा पीथमपूरला कारखान्यात आहे. तो म्हणतो, “गाणं शिकली असती तर समजलं असतं. विशारद कर, अलंकार कर. हे माईकवाल्याचं काय शिकायचं?”

हाच शब्द मला खटकतो. माईकवाला.

मंडळी, तुम्ही हॉलमध्ये बसता, माईक शिट्टी मारतो, तुम्ही कानावर हात ठेवता आणि मागे वळून कुणाकडे तरी रागाने बघता. ती शिट्टी का येते, ते शास्त्र आहे. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. ती थांबवायला माईक कुठे ठेवायचा, गायकासमोरचा मॉनिटर कुठल्या कोनात, कुठला सूर थोडा कापायचा, हे कळावं लागतं. तंबोरा दिसतो पण ऐकू येत नाही, तबल्याचा बायाँ गायकाच्या अंगावर येतो, बाजाच्या पेटीखाली सगळं दबून जातं, असे किती कार्यक्रम आपण ऐकलेत? कुमारजी तंबोरे जुळवण्यावर किती जीव टाकत, याच्या गोष्टी आपण सांगतो. ते जुळलेले तंबोरे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा माणूस मात्र आपल्याला मजूर वाटतो.

आणि साऊंड हा एक भाग झाला. या शिक्षणात बाकीचंही येतं. कलाकाराशी करार कसा करायचा, आगाऊ रक्कम किती, कार्यक्रम रद्द झाला तर कुणी काय सोसायचं. सिनेमाची गाणी तिकीट लावून स्टेजवर म्हणायची तर हक्कधारकांचा परवाना लागतो. लाऊडस्पीकरला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे. उत्सवाला 12 वाजेपर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं, तीही वर्षातून 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. आपल्या किती मंडळांच्या खजिनदारांना हे माहीत आहे? भाचीने सांगेपर्यंत आमच्या मंडळात तरी कुणाला नव्हतं.

आता आक्षेप घेऊ, एकेक करून.

पहिला : “आपल्याकडे कला विकत नाहीत.” हे वाक्य मी धारला ऐकलंय, देवासला ऐकलंय, आणि दर वेळी ते अशा माणसाच्या तोंडून ऐकलंय ज्याला फुकट पास हवा असतो. कला विकत नाहीत म्हणता, मग रजब अली खाँसाहेब देवासला काय फक्त हवा खायला होते? ते दरबाराचे गवई होते, दरबारातून त्यांची तजवीज होत होती. त्यांचे पुतणे अमानत खाँ मुंबईला गेले, लताबाईंना शिकवलं, तेही धर्मार्थ नव्हे. दरबार गेले. पैसे देणारा राजा गेला, आणि त्याच्या जागी आपण यायला हवं होतं. आपण आलो, पण सतरंजीवर बसायला. पाकीट काढायला नाही.

आणि मराठी माणसाने तर गाण्याचा धंदा केव्हाच उभा केला होता. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 सालचं. त्यानंतर पन्नासेक वर्षं नाटक मंडळ्या गावोगाव फिरल्या. गवई, साथीदार, पडदे, कपडे, आचारी, सगळा संसार गाडीत घालून. पैसा कुठून आला? तिकिटातून. तुमच्या-माझ्या पणजोबांनी काढलेल्या तिकिटातून. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संस्थानिकांचा आश्रय सोडला, लोकांसाठी तिकीट लावून गाणं केलं, आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुस्तकं छापायला स्वतःचा छापखाना, वाद्यं दुरुस्त करायला स्वतःचा कारखाना. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की गाण्याभोवती एक अख्खा व्यवसाय असतो. ज्यांच्या नावाच्या परीक्षांचे दाखले आपण हॉलमध्ये फ्रेम करून लावतो, त्यांचीच ही गोष्ट.

पुढचंही सांगायला हवं. विद्यालयाची मुंबईतली इमारत कर्जापायी लिलावात गेली. बालगंधर्वांच्या मंडळीला नाट्यगृहं भरत असताना कर्ज झालं, कारण खर्च हौसेने व्हायचा आणि हिशेब मागून यायचा. गाणं कुठेही कमी पडलं नव्हतं. कमी पडला तो गाण्याशेजारी बसून आकडे बघणारा, करार वाचणारा, “अण्णा, हे परवडणार नाही” असं म्हणणारा शिकलेला माणूस. माझ्या भाचीला तेच व्हायचंय. यात कमीपणा कुठला?

दुसरा आक्षेप : “कुमारजींनी कधी पैशाकडे बघितलं?” हे फार भावनेने लिहिलं जातं, म्हणून जरा थांबून बोलू. 1948 साली कुमारजी क्षयाने खंगलेले असताना देवासला आले. डॉक्टरांनी गायला मनाई केली होती. कित्येक वर्षं अंथरुणावर. खिडकीबाहेरून माळव्याची लोकगीतं ऐकू यायची, त्यातून पुढचं सगळं उगवलं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्या वर्षांत घर कसं चाललं? भानुमतीताई शाळेत शिकवत होत्या. एका बाईचा पगार होता म्हणून ते गाणं वाचलं. आपण तंबोऱ्याचा फोटो टाकतो, पगाराचं कुणी बोलत नाही.

आणि बरे झाल्यावर त्यांनी काय केलं? ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. एक विषय धरायचा, त्याभोवती संध्याकाळ बांधायची, काय आधी, काय नंतर, याचा विचार करायचा. आज मोठ्या शहरांत कार्यक्रमाची अशी आखणी हे वेगळं काम मानतात आणि त्याचे पैसे देतात. कुमारजींनी ते आपल्या गल्लीत बसून केलं होतं.

माळव्यातल्या कबीर मंडळ्यांचंही तेच. 1991पासून काही वर्षं देवासला ‘एकलव्य’ संस्थेने कबीर भजन-विचार मंच चालवला, खेड्यांतून मंडळ्या यायच्या, रात्रभर गायच्या. प्रह्लादसिंह टिपानियाजींना 2011 साली पद्मश्री मिळाली. ते शाळेत मास्तर होते. म्हणजे बघा, मोठ्यातल्या मोठ्या गाण्यामागेसुद्धा आपल्या मुलुखात पगार मास्तरकीचाच. हे कौतुकाचं आहे की लाजेचं, तुम्हीच ठरवा.

तिसरा आक्षेप खरा आहे, तो मी झटकणार नाही : “शाश्वती नाही.” नाहीच. दिवाळीनंतर लग्न-कार्यक्रमांचा मोसम, पावसाळ्यात हात रिकामे. रात्रीची कामं, पैसे दोन-तीन महिन्यांनी, पीएफ नाही. नुसत्या सर्टिफिकेटवर कुणी काम देत नाही, आणि मोठ्या फी घेऊन चकचकीत पत्रकं छापणाऱ्या संस्था पुष्कळ. म्हणून ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या. खऱ्या मिक्सरवर मुलाचा हात किती तास बसेल? शिकताना खऱ्या कार्यक्रमांवर पाठवता का, कुणाकडे? मागच्या दोन वर्षांची मुलं आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर गोल-गोल आलं तर उठून यायचं.

पण शाश्वतीचं म्हणाल तर कारखान्यांतही आता ठेकेदारीवर घेतात, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि काम आहे का? 8 डिसेंबर 2024ला इंदूरला दिलजीत दोसांझचा कार्यक्रम झाला, तेव्हा आपल्याच घरांतली मुलं तिकिटासाठी फोन हातात धरून बसली होती. पुढच्या महिन्यात अहमदाबादच्या स्टेडियमवर कोल्डप्लेला एकेका रात्री लाखावर माणूस होतं. त्याच आठवड्यात पंतप्रधानांनी भुवनेश्वरला भाषणात या व्यवसायाचं नाव घेतलं. तिकिटाला पैसे देणारी आपलीच पोरं, मग त्या स्टेजमागे उभं राहून कमावणारी आपली का नकोत? इंदूर देवासहून तासाभराच्या रस्त्यावर आहे. भाची सांगते, तिथल्या मोठ्या शोला कंसोलवर बसणारे बाहेरून येतात, पेट्या उचलायला इथली मुलं लागतात. फरक शिक्षणाचा आहे.

“मुलीची जात, रात्रीचं काम” म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते : आपल्या घरांतल्या मुली नर्स आहेत, कॉल सेंटरला आहेत. त्यांची रात्र वेगळी असते का? सोबत कोण, गाडी कुणाची, राहायची सोय काय, हे जरूर विचारा. मीही विचारलं. पण विचारा ते तिला नीट जाता यावं म्हणून.

आता आपल्या वहीकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. 22 वर्षांत मी मांडवाचं बिल कधी उधार राहिलेलं पाहिलं नाही. हलवाई, फुलवाला, सगळे रोख. थांबायचा तो साऊंडवाला. एकदा तर तीन हप्त्यांत दिले, तिसरा हप्ता दिवाळीनंतर. तबलजीला सांगितलं, “तू आपलाच मुलगा आहेस.” आपलाच म्हणजे फुकट, हा अर्थ कुठल्या शब्दकोशात आहे? पाकिटात अकराशे, वर शाल, वर नारळ, वर तीन भाषणं. भाषणं करणाऱ्यांत कलेला राजाश्रय राहिला नाही म्हणून हळहळणारे असायचेच.

पुण्याला 1953पासून सवाई गंधर्व महोत्सव चालतो. लोक तिकीट काढून जातात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तीही मराठी माणसंच ना? मग धार-देवासच्या मराठी माणसाचा हात खिशाशी का अडतो?

म्हणून या गणेशोत्सवापासून तीन गोष्टी करू या. एक, संगीताच्या कार्यक्रमाला तिकीट लावा, शंभर रुपये का होईना, आणि अध्यक्षांनी पहिलं काढावं. दोन, बजेट लिहिताना कलाकार आणि साऊंड या ओळी सगळ्यात वर, मांडव खाली, आणि पैसे त्याच रात्री. तीन, गावातल्या एका शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हॉलची सगळी व्यवस्था सोपवा, मानधन देऊन. मल्हार स्मृती मंदिरात पाच कार्यक्रम नीट उभे केले की त्या पोराला मुंबईत सांगायला काहीतरी हातात असेल.

पटलं नाही तर खाली खुशाल लिहा, मी उत्तर देईन. फक्त ‘कला ही साधना आहे’ एवढंच लिहून जाऊ नका. साधनेलाही घरभाडं असतं.

आणि दादा, तू हे पान रोज वाचतोस ते मला माहीत आहे. पोरीची पहिल्या सहामाहीची फी मी भरली. दुसरी तू भर. वहिनीला सांगितलंय. रागावला असलास तर रात्री फोन कर, मी जागी आहे.