विश्लेषण : कार्यालयातील प्रत्येक ब्राउझरवर सुरक्षा एक्स्टेन्शन… सिंहस्थाआधी नाशिकने काय ध्यानात घ्यावे?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे. निवास, प्रवास, पूजा यांचे आरक्षण आता मोबाइल आणि संगणकावरूनच होते, त्यामुळे भामट्यांनाही ही पर्वणीच. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभावेळी बनावट आरक्षण संकेतस्थळांबाबत उत्तर प्रदेश पोलिसांना इशारा द्यावा लागला होता. भाविकांप्रमाणेच पालिका, हॉटेल, सहकारी बँका, सातपूर-अंबडचे कारखाने यांचे कर्मचारीही अशा लिंकवर क्लिक करू शकतात. त्यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे सर्व संगणकांवर एकाच वेळी बसवायचे सुरक्षा एक्स्टेन्शन.

हे एक्स्टेन्शन करते काय?

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. उघडत असलेले पान बनावट वाटले तर तो ते रोखतो, चुकीच्या ठिकाणी पासवर्ड टाकला जात असेल तर सावध करतो. अँटिव्हायरस संगणकातील फाइल तपासतो. पण फसव्या पानावर कर्मचारी स्वतःच पासवर्ड लिहितो, तेव्हा तपासायला फाइल नसते. ती उणीव एक्स्टेन्शन भरून काढते.

शेकडो संगणकांवर ते बसवतात कसे?

प्रत्येक टेबलापाशी जावे लागत नाही. संस्थेच्या ताब्यातील संगणकांना मध्यवर्ती धोरण लागू करता येते. क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरांत ‘सक्तीने बसवायची एक्स्टेन्शन’ अशी यादी असते. तीत एक्स्टेन्शनचा ओळख क्रमांक टाकला की ते आपोआप बसते आणि कर्मचाऱ्याला काढता येत नाही. बाकी सर्व एक्स्टेन्शनना मनाई करून निवडक तेवढ्यांना परवानगी देण्याची सोयही तिथेच असते.

पळवाटा मात्र उरतात. खासगी विंडोत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. कोणी दुसराच ब्राउझर उतरवून घेतला किंवा स्वतःच्या मोबाइलवर कार्यालयाचा मेल उघडला, तर तिथे संरक्षण नसते. म्हणून खासगी विंडो बंद करणे आणि ब्राउझर ठरवून देणे ही कामे सोबतच करावी लागतात.

मग धोका कुठे?

पान तपासायचे तर ते वाचावे लागते. त्यामुळे असे एक्स्टेन्शन ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी मागते. ती चुकीच्या हाती पडली तर काय होते, हे डिसेंबर २०२४ मध्ये दिसले. सायबरहेवन ही माहितीची गळती रोखणारी अमेरिकी कंपनी. तिचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढले जाईल, असा बनावट मेल एका कर्मचाऱ्याला आला आणि तो फसला. हल्लेखोरांनी नाताळच्या दिवशी त्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती प्रसिद्ध केली. ते वापरणारे सुमारे ४ लाख होते. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होत असल्याने कोणी काही न करताही दूषित आवृत्ती संगणकांत शिरली. साधारण दिवसभरात ती हटवली गेली.

यावर तोडगा म्हणून आवृत्ती गोठवून ठेवता येते. पण गोठवली की आवश्यक दुरुस्त्याही उशिरा पोहोचतात. म्हणून मधला मार्ग असा : नवी आवृत्ती आधी दहा-वीस संगणकांवर, त्यातही लेखा विभागासारख्या वेगवेगळी संकेतस्थळे वापरणाऱ्यांकडे चालवून पाहायची, मग सर्वत्र न्यायची.

कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचे काय?

दुपारच्या सुट्टीत कार्यालयाच्या संगणकावर कोणी स्वतःचे बँक खाते किंवा वैद्यकीय अहवाल पाहतो. तेही एक्स्टेन्शनच्या नजरेखालून जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासारख्या नोकरीविषयक कारणांकरिता संमतीशिवायही माहिती वापरता येते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे ऐन सिंहस्थाच्या काळात. कायद्याने मुभा दिली तरी काय नोंदवले जाते, ते कोण पाहतो आणि किती दिवस ठेवले जाते, हे कर्मचाऱ्यांना मराठीत लेखी सांगणे संस्थेच्याच हिताचे. पाळत ठेवली जाते असे वाटले की लोक मोबाइलकडे वळतात, आणि तिथे एक्स्टेन्शन नसते.

नाशिकसाठी याचा अर्थ काय?

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. खरा पत्ता ओळखणे त्यामुळे सोपे झाले. पण धर्मशाळा, टॅक्सी, हॉटेल यांना असा राखीव पत्ता नाही. तिथे एक्स्टेन्शनची मदत होईल, मात्र ते बसवण्याआधी संस्थेने एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे : हेच एक्स्टेन्शन उद्या दूषित निघाले, तर सर्व संगणकांवरून ते तासाभरात कोण काढणार? त्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक ठरलेला नसेल, तर तयारी अर्धवटच आहे.