बँकेच्या चुकीने खात्यात पैसे आले, तर ते आपले होतात का?

१० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशीचा दिवस. यूको बँकेच्या अनेक खातेदारांच्या खात्यात अचानक पैसे जमा होऊ लागले. १३ तारखेपर्यंत ४१ हजारांहून अधिक खात्यांमध्ये मिळून सुमारे ८२० कोटी रुपये आले होते. ऐन दिवाळीत लक्ष्मी घरी आली, पण चुकीच्या पत्त्यावर.

अशा वेळी काय करायचं? बँकेची चूक आहे, मग आपण का भोगायचं?

नेमकं काय झालं होतं?

आयएमपीएस म्हणजे मोबाईलवरून लगेच पैसे पाठवण्याची सोय. दुसऱ्या बँकांमधून यूकोकडे येणारे काही व्यवहार तिकडे अयशस्वी ठरले होते. पाठवणाऱ्यांचे पैसे कापलेच गेले नाहीत. तरीही यूकोच्या खात्यांमध्ये रक्कम जमा झाली.

बँकेने खाती गोठवून काही दिवसांतच सुमारे ६४९ कोटी परत मिळवले. उरलेले सुमारे १७१ कोटी तोवर हाती आले नव्हते. अनेकांनी पैसे काढून घेतल्याचा आरोप झाला. सीबीआयने बँकेतल्या दोन सपोर्ट इंजिनिअरांसह इतरांवर गुन्हा नोंदवला. मार्च २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात ६७ ठिकाणी छापे पडले. त्यात पुणेही होतं.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७२ नुसार, चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. मग चूक कुणाचीही असो.

आपले नाहीत हे माहीत असूनही पैसे वापरले, तर मामला फौजदारी होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये अप्रामाणिकपणे मालमत्ता लाटण्यासाठी किमान ६ महिने ते कमाल २ वर्षं कैद आणि दंड आहे. इथे हेतू महत्त्वाचा. जास्तीचे दोन हजार लक्षातच आले नाहीत आणि खर्च झाले, तर तो गुन्हा नाही. मात्र ते परत द्यावे लागतील. मेसेज पाहून घाईघाईने एटीएम गाठलं, तर गोष्ट वेगळी.

‘बँक आपल्याला सोडते का?’

हा राग खोटा नाही. किमान शिल्लक नाही म्हणून पैसे कापले गेल्याचा अनुभव अनेकांना आहे. पण बँकेच्या चुकांसाठीही नियम आहेत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर ५ दिवसांत ते परत यायला हवेत. त्यानंतर उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

म्हणजे आपले पैसे बँकेच्या चुकीने गेले, तर ते परत मिळणं हा आपला हक्क आहे, असं आपण मानतो. मग बँकेचे आपल्याकडे आले, तर नियम बदलत नाही. शिवाय यूको ही सरकारी बँक आहे. तिचा तोटा शेवटी जनतेच्याच पैशावर पडतो. कापलेल्या दंडाचा हिशेब मागायलाच हवा, पण तो तक्रार करून. तो दुसऱ्याच पैशातून वसूल करून घेणं म्हणजे हिशेब नव्हे.

तुमच्या खात्यात असे पैसे आले तर?

• पैसे खर्च करू नका, दुसऱ्या खात्यात वळवू नका.

• बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

• ‘चुकून पाठवले, परत करा’ असा अनोळखी फोन आला, तर थेट पैसे पाठवू नका. फसवणूक करणारेही हीच युक्ती वापरतात. व्यवहार बँकेमार्फतच उलटवून घ्या.

चूक बँकेची असते, हे खरं. पण मेसेज वाचल्यानंतर आपण जे करतो, ते आपलं असतं.