पन्नास हजारांचे माप

खोपोलीच्या शिळफाट्यावर (ठाण्याजवळचा वेगळा, हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाट चढण्याआधीचा) सुटीच्या दिवशी उभे राहिले की प्रत्येकाची नजर फोनच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांवर दिसते. महडच्या वरदविनायकाला आणि पालीला निघालेली कुटुंबे, झेनिथच्या धबधब्याकडून भिजून परतलेली मुले, रात्री घाट चढणारे ट्रकचालक, सगळ्यांचे पैसे, नकाशा आणि घरच्यांशी बोलणे त्या एका फोनमध्ये आहे. म्हणून असल्या फाट्यांवर, रेल्वे स्थानकांबाहेर आणि मोबाइलवरच्या बाजारात पॉवर बँक पाण्याच्या बाटलीसारखी खपते. खपावी. ती चैनीची वस्तू उरलेली नाही. घाटात टँकर उलटून रस्ता बंद पडला की माणसे तासन्‌तास अडकतात. खोपोलीतला ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ हा स्वयंसेवकांचा गट अपघाताच्या जागी धावून जातो, पण त्यासाठी त्या जागेवरून कुणाचा तरी फोन लागावा लागतो. १९ जुलै २०२३च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात पायीच डोंगर चढावा लागला. अशा ठिकाणी खिशातली वीज हाच आधार असतो.

म्हणूनच तिच्या मापातली फसवणूक चीड आणणारी आहे. पाचशे-सहाशे रुपयांच्या डब्यावर ठळक छापलेले असते : ५०,००० एमएएच. आम्हीही असाच एक डबा रस्त्यावरून घेतला होता. फोन जेमतेम एकदा भरला आणि डब्याचे दिवे विझले. विकणाऱ्याने आकड्यावर बोट ठेवले आणि आम्ही विश्वास ठेवला, कारण त्या आकड्याचा अर्थ आम्हालाच ठाऊक नव्हता.

तो अर्थ खोपोलीकरांइतका सहज दुसऱ्या कुणाला कळणार नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत पावसाळ्यात साठवलेले पाणी सह्याद्रीवरून पाचशे मीटरहून अधिक खाली येते, आणि त्यावर टाटांचे इथले वीजघर १९१५पासून चालते. मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली ती इथूनच. तलावात पाणी किती, एवढे सांगून वीज किती मिळेल हे कळत नाही. ते पाणी किती उंचीवरून पडते हेही सांगावे लागते. एमएएच हा आकडा फक्त पाण्याचा आहे. उंची म्हणजे व्होल्ट. दोन्हींच्या गुणाकारातून येतो तो वॉट-अवर, आणि खरे माप तेच.

२०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या. आतल्या लिथियम सेलचा दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे साठा ७४ वॉट-अवर. फोनला देताना हा दाब ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक करावा लागतो, आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. ५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-अवर मावतात. म्हणून भागाकाराने चार वेळा भरेल असे वाटणारा फोन प्रत्यक्षात तीनदा भरतो. यात लबाडी नाही. चांगले उत्पादक ५ व्होल्टला मिळणारी क्षमताही छापतात. फक्त ती मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावी लागेल अशा अक्षरांत असते. ते मात्र आम्हाला मान्य नाही.

आता तो पन्नास हजारांचा डबा. आकडा खरा धरला तर साठा १८५ वॉट-अवर होतो. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, १००च्या पुढे १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नेताच येत नाही. आणि चेक-इनच्या बॅगेत तर कुठलीच नाही. म्हणजे आकडा खरा असेल तर प्रवासासाठी घेतलेली ही वस्तू विमानतळावर काढून ठेवावी लागेल, आणि खोटा असेल तर पैसे पाण्यात. शिवाय एवढी क्षमता भरायला नेहमीचे, ४५-५० ग्रॅमचे गोल सेल पंधरा-सोळा तरी लागतील. त्यांचेच वजन पाऊण किलोच्या घरात जाते. तळहातावर हलका लागणारा डबा पन्नास हजारांचा असूच शकत नाही. उलटे मात्र खरे नाही. वजन वाढवायला आत निरुपयोगी भर घालण्याचे प्रकारही होतात.

पैशांहून मोठी गोष्ट आगीची आहे. जून २०२५मध्ये अँकरसारख्या नामवंत कंपनीला आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत विकलेल्या अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवाव्या लागल्या. तिथे परत मागवणारे कुणीतरी होते. बिननावाचा डबा कोण परत मागवणार? आपल्याकडे पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’पुढे आठ आकडी क्रमांक असायला हवा, आणि तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. फुगलेली पॉवर बँक एक दिवसही वापरू नये, आणि कोणतीही पॉवर बँक उन्हात बंद गाडीत ठेवू नये.

भाजीवाल्याचा काटा वैधमापन खाते ठरावीक मुदतीने तपासते आणि त्यावर शिक्का मारते. पाव किलो मिरचीच्या मापाची एवढी काळजी घेणाऱ्या राज्यात विजेच्या मापावरही कुणाची तरी नजर हवी. वॉट-अवर आणि प्रत्यक्ष मिळणारी क्षमता डब्याच्या दर्शनी बाजूला, एमएएचइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती केंद्राने करावी, आणि खोट्या आकड्यांचा माल फाट्याफाट्यावरून जप्त व्हावा.

तोवर गाडीवर पॉवर बँक हातात घेतलीत तर किंमत विचारण्याआधी ‘वॉट-अवर किती?’ असे विचारा. उत्तर आले नाही, किंवा डब्यावर ते छापलेलेच नसले, तर डबा जिथून उचलला तिथे परत ठेवा.