वन्संना माहेरी जरूर बोलवा



पुसदहून एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, “पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेला एम. एस. नावाचा आजार निघाला. वन्संना लहानपणापासून शेंगदाणे खाल्ले की अंगावर पित्त उठतं. मलाही वावरातल्या गाजर गवतानं दरसाल खाज सुटते, थोरलीला तर सकाळी उठल्यापासून शिंका. सासूबाई म्हणतात, ही अॅलर्जीच पुढे नसांत उतरते. वन्सं मे महिन्यात माहेरी यायच्या आहेत. खरं सांगते, त्या येऊ नयेत असं मनात येतं आणि मग माझीच मला लाज वाटते. आम्हालाही तेच होणार का हो?”

ताई, भीती वाटली की मनात काहीबाही येतंच. आधी हे ऐका : एम. एस. हा संसर्गजन्य आजार नाही. एका ताटात जेवलात तरी तो लागत नाही. आणि खाज-शिंकांतून तो उद्भवतो, असंही आढळलेलं नाही.

सासूबाईंची शंका मात्र अगदीच वेडी नाही बरं का! आपल्या शरीरात शेतावरच्या जागल्यासारखी एक राखण असते. अॅलर्जीत ही राखण परागकण किंवा शेंगदाणा अशा निरुपद्रवी गोष्टींवर उगाच तुटून पडते. एम. एस.मध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचं रबर निघावं तसंच हे. दोन्हींत चूक राखणीचीच, म्हणून शास्त्रज्ञांनाही संशय आला. पण २०११ साली अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दोन्हींचा संबंध दिसला नाही.

२०१८ साली अमेरिकेत १३४९ एम. एस. रुग्णांची पाहणी झाली. त्यात खाण्याची अॅलर्जी असलेल्यांना आजाराचे झटके अधिक वेळा आलेले दिसले. परागकणांच्या वा औषधांच्या अॅलर्जीत तसं दिसलं नाही. हे आजार आधीच झालेल्यांपुरतं आहे. म्हणून वन्संनी आपली शेंगदाण्याची अॅलर्जी डॉक्टरांना जरूर सांगावी. मनानंच दहा पदार्थ सोडू नयेत.

मग आजाराचा धोका वाढतो कशानं? एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा त्यात मोठा हात असल्याचं २०२२ साली पुढे आलं. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो, पण एम. एस. फार थोड्यांना होतो. धूम्रपान, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि किशोरवयातला लठ्ठपणा यांनीही धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटीहून अधिक होतो. म्हणून एका डोळ्यानं अंधुक दिसू लागलं, डोळा फिरवताना दुखलं, पाय बधिर झाला, तोल जाऊ लागला आणि हे एक दिवसाहून अधिक टिकलं, तर “अशक्तपणा असेल” म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या खाजेचं म्हणाल, तर गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला फडकं बांधा. गवत फुलावर येण्याआधीच काढा. घरी आल्यावर अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा. थोरलीच्या शिंका डॉक्टरांना दाखवा. त्यावर चांगली औषधं आहेत.

आता राहिला मे महिना. एम. एस. असलेल्यांना उन्हाचा त्रास होतो. अंग तापलं की अंधुक दिसणं, पायांतली कमजोरी तात्पुरती वाढते, गारव्यात बसलं की उतरते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन मी तुम्हाला काय सांगावं! तेव्हा वन्संना दिवाळीला बोलवा. मेमध्येच येणार असतील तर कूलरची खोली त्यांना द्या, दुपारी बाहेर काढू नका, कामाची घाई लावू नका.

पण बोलवा नक्की. अशा दुखण्यात बाईला माहेर हवंच असतं. आणि सासूबाईंनाही हे पान वाचून दाखवा हं!